तुंगनाथची पिवळी फुलं आणि आईचं अतिविष

निघायच्या आदल्या रात्री, इंदूर

रामबागेतल्या आमच्या घरी देवघराच्या खालच्या कप्प्यात एक पितळी डबा आहे. त्यात बाळगुटीचं सामान असतं: वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, मायफळ, ज्येष्ठमध, डिकेमाली, वाळकी खारीक आणि एका कापडाच्या पुरचुंडीत अतिविष. घरातली चार मुलं या डब्यावर वाढली. कशाचा एक वळसा, कशाचे दोन, हे आईच्या बोटांत बसलेलं आहे. आता भाचीला दिवस गेलेत. सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय बाळाच्या तोंडात काहीही जाऊ द्यायचं नाही, असं तिच्या डॉक्टरांनी आत्ताच सांगून ठेवलंय. आईलाही ते पटलंय. पण डबा मात्र भरलेला हवा.

रात्री पिशव्या बांधताना ती पुरचुंडी घेऊन माझ्या खोलीत आली. अतिविषाचा एकच तुकडा उरला होता, करंगळीच्या पेराएवढा, उगाळून उगाळून एका बाजूने सपाट झालेला. म्हणाली, "हिमालयात चाललीच आहेस तर अस्सल अतिविष घेऊन ये. इथे सियागंजात मिळतं, पण त्यात काय मिसळलेलं असतं कोण जाणे."

मी चालले होते बटरकप बघायला, थंड डोंगरातलं एक लकाकणारं पिवळं फूल. तेवीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. 'रॅनन्क्युलस' हे त्याचं शास्त्रीय नाव फळ्यावर कितीदा लिहिलं असेन, पण ते फूल त्याच्या उंच कुरणात कधी पाहिलं नव्हतं. भाचा वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करतोय. "मावशी, ऑगस्ट संपायच्या आत चल. पिवळी थोडी उशिराची मिळतील, पण निळी ऐन भरात असतील," असं म्हणत तो महिनाभर मागे लागला होता. आईची मागणी ऐकून तो माझ्याकडे बघून हसला. काही बोलला नाही.

दिवस पहिला

इंदूरहून गाडी. दशम्या, शेव आणि कलौंजी घातलेलं कैरीचं लोणचं. भाच्याने लोणच्यातला एक काळा दाणा बोटावर घेतला. "ही बटरकपची सख्खी चुलतबहीण बरं का." नीमच-मंदसौरकडे शेतकरी कलौंजी घेतात आणि आमच्याकडे ती दर उन्हाळ्यात लोणच्यात पडते. ती याच कुळातली हे मी वाचलेलं होतं, पण घास हातात धरून कधी आठवलं नव्हतं. सह्याद्रीत कुंपणावर चढणारी मोरवेलही याच कुळातली. आणि अतिविषही. आईची मागणी ऐकून तो हसला होता तो यासाठी. आम्ही ज्या कुळाला भेटायला निघालो होतो, त्याच कुळातलं मूळ आईने मागितलं होतं.

रॅनन्क्युलस हे नाव लॅटिनमधल्या 'राना', म्हणजे बेडूक, या शब्दावरून आलं. अर्थ छोटा बेडूक. यातली बरीच झाडं पाण्याच्या कडेला, पाणथळीत उगवतात. नावाचा खरा अर्थ पुढे चौथ्या दिवशी कळला.

दिवस दुसरा

हरिद्वारला उतरलो. कुशावर्त घाट अहिल्याबाईंचा, त्यामुळे इंदूरच्या माणसाला तिथे पाय धुतल्याशिवाय पुढे जाववत नाही. गंगा गढूळ आणि जोरात होती. संध्याकाळी हृषीकेशला मुक्काम. दिवसाचं एवढंच.

दिवस तिसरा

देवप्रयागच्या पुढे दरड कोसळून रस्ता बंद. साडेतीन तास गाडीत. पाऊस थांबला की जेसीबी चालायचं, पाऊस आला की थांबायचं. मागच्या गाडीतले प्रवासी कंटाळून चिप्सची पाकिटं खिडकीतून खाली टाकत होते आणि ती वाऱ्यावर तरंगत अलकनंदेकडे जात होती. त्यांना बोलले. दोघांनी ऐकलं, बाकीच्यांनी नाही.

दुपारी गढवालातलं श्रीनगर लागलं. इथल्या हेमवतीनंदन बहुगुणा गढवाल विद्यापीठाचं उंचावरच्या वनस्पतींसाठी वेगळं संशोधन केंद्र आहे आणि त्याचं एक क्षेत्र थेट तुंगनाथच्या कुरणात. भाचा त्याबद्दल इतक्या आदराने बोलत होता की ड्रायव्हरने विचारलं, "वहाँ कोई मंदिर है क्या?"

उखीमठला पोचायला रात्र झाली.

दिवस चौथा: चोपता ते तुंगनाथ

सकाळी चोपत्याला आलो. उंची सुमारे २,७०० मीटर. इथून तुंगनाथपर्यंत साडेतीन-चार किलोमीटरची फरसबंद चढण, मंदिर ३,६८० मीटरवर. पंचकेदारांतलं, म्हणजे गढवालातल्या शंकराच्या पाच देवळांतलं, सगळ्यात उंच देऊळ. खालच्या टप्प्यात खरसू ओक आणि बुरांश, त्यांच्या खोडांवर जाड शेवाळ. झाडं हळूहळू बुटकी होतात, वाकतात आणि एका वळणावर संपूनच जातात. पुढे नुसतं गवत आणि फुलं. गढवालीत याला बुग्याल म्हणतात. 'कुरण' म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे माळव्यातला गायरानाचा तुकडा येतो. बुग्याल तसा नसतो. वर्षातले बरेच महिने बर्फाखाली झोपलेली आणि उरलेल्या थोड्या महिन्यांत सगळा संसार उरकून घेणारी ती जमीन आहे. उगवणं, फुलणं, मधमाश्यांना बोलावणं, बी धरणं, सगळं बर्फ परत यायच्या आत.

झाडोरा संपायच्या आधीच ॲनिमोनी दिसली, पांढरी, पाकळीच्या पाठीवर निळसर झाक. हीसुद्धा बटरकपच्या कुळातली. मग पिवळ्या फुलांचा एक मोठा ताटवा आला आणि मी "बटरकप!" म्हणून गुडघ्यावर बसले. भाचा शांतपणे म्हणाला, "पोटेन्टिला आहे, मावशी. गुलाबाच्या कुळातलं. पाकळीवर चमक आहे का बघ." नव्हती. पिवळी होती, पण सुती कापडासारखी मंद.

खरं बटरकप अर्ध्या तासाने मिळालं. वाटेच्या वरच्या अंगाला दगडातून पाणी झिरपत होतं, तिथे चिखलात वीतभरही नसलेलं झाड. रॅनन्क्युलस हर्टेलस. हंगाम संपत आला होता, बऱ्याच देठांवर फूल गळून हिरव्या दाण्यांचे बोंडुके राहिले होते. पण तीन फुलं ताजी होती. मी चिखलात बसले. भिंग काढलं. पाच पाकळ्या, तुपात बोट फिरवल्यासारख्या लकाकणाऱ्या. प्रत्येक पाकळीच्या तळाशी एक बारीकसा खिसा, त्यावर खवल्याचं झाकण, मध त्यात. मधोमध पुंकेसरांची दाट झालर आणि तिच्या पोटात हिरवे स्त्रीकेसर खच्चून बसलेले.

ढग दहा मिनिटांसाठी फाटले आणि ऊन पडलं. मी करंगळी फुलाशेजारी धरली. नखावर पिवळा कवडसा उमटला. युरोपात मुलं हे फूल हनुवटीखाली धरून खेळतात ते याच कवडशासाठी. ती लकाकी नुसत्या रंगाची नसते. पाकळीची वरची त्वचा आरशासारखी गुळगुळीत असते, तिच्यात पिवळं द्रव्य. खाली हवेचा पातळ थर आणि त्याखाली पिठूळ पेशींचा पांढरा थर. उजेड या थरांवरून उलटून परत येतो. मी हे वर्गात शिकवलं होतं. नखावर उमटलेलं बघणं वेगळंच.

तेवढ्यात त्या झिरपणीतून खरोखरच एक एवढासा बेडूक उडी मारून गवतात गेला. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

या पिवळ्या बटरकपला जनावरं फारशी तोंड लावत नाहीत. ताज्या पानात तिखट, तोंड पोळणारं द्रव्य असतं. यात्रेकरूंना घेऊन वर-खाली करणारी खेचरं कडेचं गवत ओरबाडत होती, पण हे झाड त्यांनी सोडलं होतं. खुरापासून मात्र सुटका नाही. फरसबंद वाट वळणं घेत जाते आणि लोक वळणावळणाला सरळ गवतातून चढतात. त्या आडवाटांवर आधी गवत आडवं होतं, मग माती उघडी पडते, मग पावसाचं पाणी तिथूनच वाहतं आणि दोन-तीन हंगामांत तिथे ओहोळ होतो. अशा एका ओहोळाच्या काठावर बटरकपची मुळं हवेत लोंबकळताना पाहिली. इतक्या उंचीवर बोटभर माती तयार व्हायला किती काळ लागत असेल, याचा विचार पायाखाली येतच नाही माणसाच्या. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्री तंबू ठोकून राहायला बंदी घातली आणि पर्यटकांची संख्या दोनशेवर आणली, ते याच कारणाने. मला तो निर्णय मनापासून पटतो. तंबूवाल्यांचा रोजगार गेला हेही खरं आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

देवळात अभिषेक चालू होता. चंद्रशिलेला जायचं टाळलं, ढग फार होते. भाचा त्या शिखराकडे बोट दाखवून म्हणाला, "हवा तापली की झाडं वर सरकतात. झाडोरा वर येतो, त्याच्यापुढे झुडपं, त्यांच्यापुढे बुग्यालचं गवत. पण चंद्रशिलेच्या वर काय आहे? काहीच नाही." मी त्या टोकाकडे बराच वेळ बघत राहिले.

दिवस पाचवा: पुन्हा वर

कालच चोपत्यात एका स्थानिक वाटाड्याशी बोललो होतो. पन्नाशीचा माणूस, लहानपणी वडिलांबरोबर मेंढ्या घेऊन या उतारांवर फिरलेला. हा सगळा भाग केदारनाथ अभयारण्यात येतो, म्हणून सकाळी आधी वनखात्याच्या चौकीवर जाऊन नाव लिहिलं, परवानगी घेतली. काही उपटायचं नाही, बी घ्यायचं नाही, फक्त बघायचं. पुढे आम्ही कुठे वळलो, ते इथे लिहीत नाही. आजकाल फुलाच्या फोटोबरोबर नेमकी जागा टाकायची पद्धत आहे. या झाडाच्या बाबतीत तसं करणं म्हणजे खोदणाऱ्याच्या हातात नकाशा देणं.

दीड तासाच्या चढणीनंतर तो एका उतारावर थांबला आणि हाताने खाली बसायची खूण केली. गवतातून मांडीएवढ्या उंचीचे सात-आठ दांडे वर आले होते.

"अतीस," तो म्हणाला.

माझ्या आईच्या पुरचुंडीतलं अतिविष. मी आयुष्यभर त्याला एक करडा, सुरकुतलेला तुकडा म्हणून ओळखत आले होते. खालची पानं देठाची, रुंद. वरची पानं देठाशिवाय खोडाला मिठी मारून बसलेली. एकाच झाडावर दोन तऱ्हेची पानं, म्हणून शास्त्रीय नावात 'हेटेरोफायलम'. आणि फुलं! एकेक फूल म्हणजे डोक्यावरून पदर घेतलेली बाई. रंग कोवळ्या हिरव्या-निळ्याच्या मधला, आणि त्यावर जांभळ्या शिरा इतक्या बारीक की टाकाने ओढल्यासारख्या. एक जाडजूड, केसाळ भुंगा आला, फुलाच्या ओठावर उतरला आणि पदराच्या आत शिरला. मध आत, वरच्या टोकाशी ठेवलेला असतो. एवढ्या ताकदीच्या किड्यालाच तो मिळतो. दांडा त्याच्या वजनाने झुकला, मग तो बाहेर येऊन शेजारच्या फुलात गेला. आम्ही मोजत होतो. एका दांड्यावरची सगळी फुलं करायला त्याला मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

नाव अतिविष असलं तरी यात बचनागासारखं मारक विष नाही. बचनाग याचाच भाऊबंद. वैद्य तो शोधन, म्हणजे विष उतरवण्याची प्रक्रिया, केल्याशिवाय वापरत नाहीत. अतिविष कडू, अतिशय कडू, पण बाळाच्या पोटदुखीला, जुलाबाला आणि तापाला पिढ्यान्‌पिढ्या दिलेलं.

मग वाटाड्याने वीस पावलांवर नेलं आणि मला दुसरं काही दाखवलं. खड्डे. मुठीएवढे, काही जुने, गवत भरू लागलेले, तीन अगदी ताजे. मातीच्या कडा अजून ओल्या. एका खड्ड्याशेजारी आख्खा दांडा पडला होता, फुलांसकट, पानं नुकतीच मान टाकू लागलेली. मूळ कापून नेलेलं.

तो जे बोलला त्याचा सारांश मराठीत लिहिते. या झाडाला दोन मुळं असतात, एक आई आणि एक लेक. आईच्या जिवावर यंदाचं झाड उभं राहतं आणि हिवाळा आला की ती वाळते. लेक पुढच्या वर्षाचं झाड पोसते. जाणता माणूस बी पिकून गळल्यावर, ऑक्टोबर उलटल्यावर खोदायचा, आणि खोदताना लहान मुळं परत मातीत दाबायचा. त्याच्या वडिलांची तशी रीत होती. आता मुळीला किलोमागे हजारो रुपये मिळतात, आणि किलोभर वाळकी मुळी व्हायला शेकडो झाडं लागतात. ऑक्टोबरपर्यंत थांबलो तर दुसरा कुणीतरी आधी नेईल, ही भीती सगळ्यांनाच. म्हणून ऑगस्टमध्येच, फुलावर असताना खोदतात. फुलामुळे झाड गवतात चटकन सापडतंही. आई गेली, लेक गेली, आणि बी तर धरलंच नव्हतं.

मी जमिनीवर बसून तो पडलेला दांडा हातात घेतला. भुंगा ज्या दांड्यांवर फिरत होता ते इथून दिसत होते. या झाडावरही तो कालपरवा येऊन गेला असेल. एका फुलाचा पदर बाजूला सारून भाच्याने आतला भाग दाखवला: बिया धरणाऱ्या कोशांचा जुडगा, अजून हिरवा, तांदळाच्या दाण्याएवढाही नाही.

"कोण खोदतं?" मी विचारलं. वाटाड्या थोडा वेळ गप्प राहिला. "दीदी, हमारे ही लोग हैं। और खरीदने वाले नीचे के।"

नीचे के. म्हणजे आम्ही. आमचा देवघराखालचा डबा.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत २०१५ सालापासून अतिविष 'संकटग्रस्त' म्हणून नोंदलेलं आहे. काश्मिरातला एक बचनाग, ॲकोनिटम चॅस्मँथम, त्याहून वाईट, 'अतिसंकटग्रस्त'. अरुणाचलातली ममीरा, कॉप्टिस टीटा, हीही याच कुळातली आणि संकटग्रस्त. या तिघांचाही जीव मुळातल्या औषधापायी जातोय.

उतरताना पाऊस लागला. चोपत्यात पोचेपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही.

दिवस सहावा: मंडल, गोपेश्वर

चोपत्याहून गोपेश्वरकडे उतरताना दाट जंगलाचा सुंदर रस्ता आहे. वाटेत एका चहाच्या टपरीवर, मी आणि भाचा अतीसबद्दल बोलतोय हे ऐकून, शेजारच्या बाकावरचा माणूस सरकत आला. हळूच म्हणाला, "असली चाहिए? ताज़ा है।" खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत पंधरा-वीस मुळं, मातीसकट. बाहेरून फिकट करडी, एक मोडून दाखवलं तर आतून पिठासारखं पांढरं. अस्सल होतं. आई म्हणाली होती तसंच अस्सल. पण दोन-तीन मुळांच्या शेंड्यावर हिरव्या देठाचे बुंधे अजून चिकटलेले होते, ओले. बहुतेक मुळं करंगळीच्या नखाहून थोडी मोठी. लेकी.

मी ती पिशवी त्याला परत दिली. नको म्हटलं. त्याने भाव निम्मा केला. पुन्हा नको म्हटलं. तो रागावला नाही, उठून दुसऱ्या गाडीकडे गेला. त्याच्या पायातल्या चपलेचा पट्टा तारेने बांधलेला होता. त्याला काय बोलायला हवं होतं ते मला अजूनही सुचत नाही.

मंडलला राज्य सरकारची जडीबुटी शोध व विकास संस्था आहे. तिथे वाफ्यांतून अतीस, कुटकी आणि इतर उंचावरच्या औषधींची रोपं पाहिली आणि छातीवरचं ओझं जरा हलकं झालं. अतिविष शेतात होतं. मात्र उंचावरच्या गावांतच, आणि धीर धरला तर. बियांना थंडीचा फेरा मिळाल्याशिवाय त्या रुजत नाहीत. पहिल्या वर्षी नुसती एक-दोन पानं दिसतात, आणि बियांपासून विकण्याजोगी मुळी व्हायला तीनेक वर्षं जातात. तीन वर्षं जमीन अडकवून ठेवणं लहान शेतकऱ्याला सोपं नाही. शिवाय विकताना मूळ आपल्या शेतातलं आहे, जंगलातलं नाही, याचे कागद तयार ठेवावे लागतात. ज्याच्याकडे कागद नाहीत तो बुग्याल खोदणारा तसाच सुटतो आणि ज्याने पेरलं तो खेटे घालतो. शेतकऱ्याला ही वाट सोपी करून द्यायला हवी असं मला फार वाटतं, कारण मागणी काही थांबणार नाही.

रात्री जोशीमठ. २०२३ च्या जानेवारीत जमीन खचून घरांना गेलेल्या भेगा अजून दिसतात.

दिवस सातवा

गोविंदघाट, पुलनापर्यंत जीप, तिथून घांगरियापर्यंत चाल. पाय बोलायला लागले. हेमकुंडला जाणारे शीख यात्रेकरू "सतनाम वाहेगुरू" म्हणत पुढे जात आणि मला ग्लुकोजची बिस्किटं देत.

दिवस आठवा: फुलांची घाटी

१९३१ मध्ये कामेट शिखर चढून परतणारा फ्रँक स्माइथ वाट चुकून या घाटीत उतरला आणि तिचं नाव जगभर झालं. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, २००५ मध्ये जागतिक वारसा. साडेसत्त्याऐंशी चौरस किलोमीटर. इथे रात्री कुणालाच राहू देत नाहीत, संध्याकाळच्या आत बाहेर. ते छान वाटलं.

घाटीत शिरल्यावर थोड्याच वेळात पुरुषभर उंचीचे निळ्या-जांभळ्या तुऱ्यांचे दांडे दिसले. ॲकोनिटम बालफोरी, जहरी बचनागाचा भाऊबंद. पदर तोच, फक्त रंग गडद. शेजारी डेल्फिनियम, त्याच्या फुलाला मागे शेपटीसारखी नळी. आणि ओढ्याच्या कडेला आमचं पिवळं बटरकप, उशिराचं, एकच फूल. त्याला मी नमस्कार केला.

पण इथे एक अवघड गोष्ट समोर आली. उद्यान झाल्यावर घाटीतली चराई बंद झाली. मेंढ्या गेल्या. त्यानंतर अमेला नावाची एक उंच, पांढऱ्या फुलांची वनस्पती बेसुमार पसरली. ती माणसाएवढी वाढते आणि तिच्या सावलीत बुटकी फुलं गुदमरतात. वाटेच्या कडेला मजुरांनी उपटून टाकलेल्या अमेल्याचे ढीग वाळत होते. चराई बंद केल्यामुळेच ती पसरली का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. तुंगनाथला मी खुरांवर रागावले होते. इथे खुरं नाहीत आणि तरी बटरकपची जागा जातेय.

भाच्याने ऑस्ट्रेलियाची गोष्ट सांगितली. तिथल्या कोशियस्को पर्वतावर ॲनिमोनी बटरकप म्हणून मोठं, पांढरं फूल आहे, जगात दुसरीकडे कुठेच नाही. आपल्याकडच्या पिवळ्यासारखं तिखट नसावं बहुतेक, कारण गुरामेंढ्यांनी ते खाऊन खाऊन जवळजवळ संपवलं होतं. १९४४ मध्ये शिखराच्या भागातली चराई थांबवली आणि ते हळूहळू परतलं. म्हणजे एकाच कुळातली फुलं, पण एकाला जे तारतं ते दुसऱ्याला पुरत नाही. त्या त्या झाडापाशी बसून, वर्षानुवर्षं बघूनच ठरवावं लागतं. अशी बसणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत. भाचा त्यातला एक व्हावा असं मला त्या क्षणी फार वाटलं, पण बोलले नाही. मुलांवर असं ओझं टाकू नये.

घाटीत एका चबुतऱ्यावर जोन मार्गारेट लेग या बाईंची कबर आहे. फुलं गोळा करायला विलायतेहून आल्या आणि १९३९ मध्ये इथेच कड्यावरून पडून गेल्या. कबरीभोवती यात्रेकरूंनी वाहिलेली फुलं होती, तोडून आणलेली. त्यात दोन निळे पदरही.

दिवस नववा आणि दहावा

परतीचा प्रवास. दरडी, ऊन, हरिद्वारची गर्दी, गाडी.

दिवस अकरावा, इंदूर

घरी पोचलो तेव्हा आई पोहे करत होती. हातपाय धुऊन होईपर्यंत तिने विचारलं नाही. मग चहा पुढे ठेवत म्हणाली, "मिळालं?"

"मिळत होतं. आणलं नाही."

तिने कपाळाला आठ्या घातल्या. मी सगळं सांगितलं: खड्डे, टपरीवरची पिशवी, हिरवे देठ. भाचा म्हणाला, "आजी, आयुर्वेदातच सांगून ठेवलंय, अतिविष नसेल तर नागरमोथा घ्यावा. नागरमोथा आपल्या माळव्यात नाल्याकाठी हवा तेवढा." आईला ते ठाऊक होतं. तिच्या सासूबाईंनी एका दुष्काळाच्या वर्षी तसंच केलं होतं म्हणाली. पण पटलं आहे असं चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

मग भाच्याने फोनवर फोटो काढून तिच्यापुढे धरला. भुंगा नेमका पदरात शिरतानाचा. आईने चष्मा पुसला, फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"हे अतिविष?"

"हो."

"याला फूल असतं?" ती म्हणाली. "एवढी वर्षं उगाळलं मी."

उठून तिने देवघराखालचा डबा आणला, पुरचुंडी सोडली आणि तो उगाळून सपाट झालेला तुकडा ओट्यावर फोनशेजारी ठेवला. बराच वेळ दोन्हीकडे बघत होती. पोहे गार झाले.

"त्या बाकीच्या झाडांचं बी आत्तापर्यंत पडलं असेल का रे?"

"नाही आजी," भाचा म्हणाला. "ऑक्टोबर उलटायला हवा."

तिने भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघितलं आणि बोटांवर दिवस मोजायला लागली.